टाइपरायटरची पोलिसांत नोंद: पहारा यंत्रावर हवा की मजकुरावर?

शाईबोट:
1983 साली रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने फर्मान काढलं. घरात टाइपरायटर असेल तर मिलिशियाकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे, त्याची नोंद करायची आणि अक्षरांचा नमुना जमा करायचा. निनावी पत्रक सापडलं की नमुने जुळवायचे, माणूस हाती! ज्याच्यापासून धोका वाटे त्याला यंत्र ठेवायची मुभाच नाही. माझं म्हणणं, मजकुरात गुन्हा असेल तर खटला भरा. ओळही लिहिली नाही तोवर पहारा कशाला?

उलटतपासणी:
हुकूमशहा समोर उभा केला की वाद जिंकणं सोपं हो. खोट्या नोटाही यंत्रावरच छापल्या जातात. गाडीला नंबर लागतो तेव्हा कुणी गळा काढत नाही.

शाईबोट:
गाडीचा नंबर निदान दिसतो तरी. कित्येक रंगीत लेसर प्रिंटर प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात. 2005 मध्ये एका मॉडेलच्या ठिपक्यांचं कोडं सुटलं, तर त्यात यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख-वेळ निघाली. नोटांसाठी केलेली सोय उद्या पत्रकं शोधायला वापरली तर तुम्हाला कळणार कसं?

कार्बनकॉपी:
मधेच बोलतो. सोव्हिएत संघात कॉपी काढायची यंत्रं कुलपाआड असत. लोकांनी टाइपरायटरमध्ये पातळ कागद आणि कार्बन घालून एका दमात चार-पाच प्रती काढल्या; ज्याला प्रत मिळाली त्याने ती पुन्हा टाइप केली. समिझदात म्हणतात ते हेच. शेवटची प्रत वाचताना डोळे फुटत असणार, पण वाचली जायची.

उलटतपासणी:
मग बंदी फसतेच की, भ्यायचं कशाला? शिवाय नोंदणी म्हणजे बंदी नव्हे. आपल्याकडे 1867 च्या कायद्याने छापखाना ठेवायचा तर मॅजिस्ट्रेटपुढे तसं जाहीर करावं लागे, पुस्तकावर मुद्रकाचं नाव घालावं लागे. तरी सरकारला झोडपणारा मजकूर छापला गेलाच ना?

शाईबोट:
गेला. पण 1878 मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कायदा आला, तेव्हा जामीन कुणाकडून मागायचा आणि यंत्रं कुणाची जप्त करायची हे सरकारला हुडकावं लागलं नाही. यादी अकरा वर्षं आधीच सुरू झाली होती.

उलटतपासणी:
यादीचा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. तरी मोठ्या छापखान्याची नोंद असावी असंच मला वाटतं. घरातल्या प्रिंटरची नको. आणि ते ठिपके उमटवायचेच असतील तर खोक्यावर तसं ठळक छापा.