मदत हवी आहे: जेलवर वाढवलेल्या सेल (पेशी) तिसऱ्या दिवशी सुटतायत

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये (लॅबमध्ये ऊती बनवायचं शास्त्र) पोस्टडॉक करतोय. सेल वाढवायचं जेल मेंदूइतकं मऊ ठेवलं की स्टेम सेल (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) चेतापेशीकडं झुकतात, कडकपणा १० किलोपास्कलच्या आसपास असला की स्नायूकडं आणि ३० च्या पुढं हाडाकडं, हे २००६ पासून माहितीय. पण माझ्या १० वाल्या पॉलीअ‍ॅक्रिलामाईड जेलवर दुसऱ्या दिवशी मस्त पसरलेल्या सेल तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर दुधावरच्या सायीगत कडेनं गुंडाळून सुटलेल्या! सल्फो-सॅनपा (जेलला प्रथिन जोडणारं रसायन) पाण्यात टिकत नाही म्हणून कालवल्या कालवल्या लावतोय, मग यूव्ही, मग रात्रभर कोलॅजन (सेल ज्याला धरून बसतात ते प्रथिन). कोलॅजनच नीट चिकटत नसेल का? कुणी यातनं गेलंय का? आणि कोल्हापूर-सांगलीकडं कुणाकडं रिओमीटर (जेलचा कडकपणा मोजायचं यंत्र) असला तर प्लीज सांगा, जेल घेऊन मीच येतो. तीन महिने यातच गेलेत ओ.