पाच महिन्यांची टाकी, दोन क्लाउन आणि पांढरंशुभ्र ॲनिमोन: घेऊ की नको?

सिंहगडरोड_खारं

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय.

लहानपणी मे महिन्यात मामाकडे गिरगावात जायचो, तेव्हा एक दुपार ठरलेली असायची तारापोरवाला मत्स्यालयाची. खाऱ्या पाण्याचं वेड तेव्हापासूनचं. स्वतःची टाकी यायला मात्र बेचाळिसावं वर्ष उजाडलं.

टाकी ३ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण १९० लिटर. सुरू होऊन पाच महिने झाले. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आहे, दोन वेव्हमेकर (पाणी ढवळत ठेवणारे पंप) आहेत, निळा-पांढरा एलईडी आहे. ग्रॅव्हिटी (पाण्याच्या खारेपणाचं माप) १.०२४. तापमान सध्या २७, पण मे महिन्यात काय होईल देव जाणे. नायट्रेटच्या टेस्टचा रंग मला नीट ओळखता येत नाही. बायको म्हणते ४०, मी म्हणतो २०. पाणी किचनमधल्या आरओचं. मासे तीन: ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउन माशांची जोडी (मुलीने नावं ठेवलीत केशर आणि जिलबी) आणि एक फायरफिश. मध्यंतरी अंगावर पांढरे ठिपके आले होते, दुकानदाराने निळं औषध दिलं, आठवड्यात बरे झाले.

आता मुलीचं टुमणं सुरू आहे की केशर-जिलबीला घर नाही. आमच्या दुकानात एक ॲनिमोन आलंय, म्हणजे फुलासारखा दिसणारा तो समुद्री प्राणी, ज्याच्यात क्लाउन मासे राहतात. टेनिसच्या चेंडूएवढं, पांढरंशुभ्र, टोकं जांभळी. इतकं सुंदर की बघत राहावं. साडेतीन हजार म्हणतो. शेजारी एक हळदीसारखं पिवळंजर्द पण आहे, ते चार हजार. "मासे त्याच दिवशी आत शिरतील" असं म्हणाला. पाचशे ॲडव्हान्स देऊन आलोय, रविवारी आणायचं आहे.

घेऊ ना? सोबत एक-दोन कोरलचे तुकडे टाकले तर शोभा येईल का?

डोंबिवलीचे_काका

रविवारी जाऊ नका. गेलातच तर रिकाम्या हाताने परत या.

आधी रंगाचं सांगतो. ॲनिमोनचा तपकिरी रंग बहुतेक त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला. ते उजेडात अन्न तयार करतं आणि राहण्याचं भाडं म्हणून बरंचसं मालकाला देतं. म्हणून धडधाकट ॲनिमोन कोऱ्या चहासारखं, मळकट तपकिरी किंवा हिरवट दिसतं. दुकानात त्याच्याकडे कोणी बघत नाही. पांढरंशुभ्र म्हणजे भाडेकरू घर सोडून गेलेले, मालक उपाशी. महिना-दीड महिना तसंच उपाशी राहतं आणि मग आपल्या टाकीत मरतं. पिवळंजर्द जे आहे ते बहुतेक असंच पांढरं पडलेलं, वरून रंगात बुडवलेलं. पांढऱ्यातून वाचवणारे लोक आहेत, मी पाहिलेत, पण पहिल्यांदाच पाळणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

घ्यायचंच तर बबल टिप जातीचं ॲनिमोन घ्या, आणि शक्यतो कोणाच्या तरी टाकीत दोनाचं चार झालेलं. बबल टिप स्वतःच्या अंगाचे दोन भाग करून वाढतं, त्यामुळे जुन्या हौशी लोकांकडे जास्तीचं असतं. ते आपल्याकडच्या लाइटला आणि मिठाला सरावलेलं असतं.

दुकानात घेणार असाल तर मी काय बघतो ते सांगतो. तोंड. मधोमध असतं, ते बटणाच्या काजासारखं मिटलेलं हवं. आ वासलेलं असेल तर मागे फिरा. मग पाय, म्हणजे खालची बैठक. तिथे फाटलं असेल तर ॲनिमोन सहसा जगत नाही, आणि काचेवरून ओढून काढताना नेमकं तेच फाटतं. मी दुकानदाराला म्हणालो, ते ज्या दगडाला चिकटलंय तो दगडही द्या, वर दोनशे घ्या. शेवटी परवानगी घेऊन, हात धुऊन, बोट लावतो. चांगलं ॲनिमोन बोटाला सेलोटेपसारखं चिकटतं. तुमच्या पांढऱ्याला लावून बघा, बोट ओल्या शेवईतून फिरवल्यासारखं वाटेल.

आता टाकी. पाच महिने कमी आहेत. मी तरी वर्षाच्या आत सांगत नाही, आठ-नऊ महिने म्हणजे अगदी खालची पायरी. अमोनिया-नायट्राइट शून्य आलं म्हणजे टाकी मुरली असं नाही. लोणचं दुसऱ्या दिवशी खाता येतं, पण मुरलेलं नसतं. ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६ करा आणि तिथेच ठेवा. नायट्रेट १०च्या आसपास आणा, म्हणजे बायकोशी भांडायची वेळ येणार नाही. किचनच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) दोन-तीनशेत मिळतो, घालून बघा, शून्य येणार नाही. उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं पुढे जोडावं लागेल. काचेवर मार्करने रेघ मारा आणि उडालेलं पाणी रोज गोड पाण्यानेच भरा, खाऱ्या नव्हे. मीठ उडत नाही, पाणीच उडतं.

लाइट रीफचाच हवा, म्हणजे ज्यात ॲनिमोन जगेल असा. नुसता निळा दिसतो म्हणून तो रीफचा होत नाही. उन्हाळ्याला पुण्यात पंखा चालून जातो, कोरडी हवा, दोन-तीन अंश उतरतात. आमच्या डोंबिवलीत दमटपणामुळे पंखा नुसता फिरतो, मला शेवटी चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्यावा लागला. गुरुवारी वीज जात असेल तर बॅटरीवरचा एअरपंप घरात ठेवा.

आणि वेव्हमेकर. हे जरा सविस्तर लिहितो, कारण माझं पहिलं ॲनिमोन मी यात घालवलं.

ॲनिमोन चालतं. जागा पटेपर्यंत रात्री सरकत राहतं. मला माहीत होतं, पण "उद्या जाळी लावू" म्हणून झोपलो. सकाळी सहाला दूध घ्यायला उठलो तर टाकीतलं पाणी ताकासारखं झालेलं. आतलं काही दिसेना. वास असा की सौ. आतल्या खोलीतून उठून आल्या. काचेवर आतून बोटाच्या पेराएवढे तुकडे चिकटलेले आणि वेव्हमेकर गुरगुरतोय, पात्यांत लोळागोळा अडकलेला. दोन्ही क्लाउन वर येऊन तोंड उघडझाप करत होते. स्किमरचा पेला भरून फेस खाली फरशीवर. ऑफिसला दांडी मारून ९० लिटर पाणी बदललं, कार्बन टाकला. क्लाउन वाचले, फायरफिश दुपारी गेला. ज्या जाळीसाठी कंटाळा केला ती चाळीस रुपयांच्या स्पंजची होती.

दुसरं ॲनिमोन आणलं तेव्हा आधी सगळ्या वेव्हमेकरना स्पंज घातले. पिशवीतल्या पाण्यात दीड तास थेंबथेंब टाकीचं पाणी सोडलं. वेव्हमेकर तासभर बंद ठेवून दोन दगडांच्या फटीत बसवलं. तीन दिवस हिंडलं आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात, वरच्या दगडामागे स्थिरावलं. सोफ्यावरून दिसत नाही. शोकेसच्या बाजूने वाकून बघावं लागतं. चार वर्षं मी वाकूनच बघतोय. हलवायचं नाही, एवढाच नियम.

"मासे त्याच दिवशी शिरतील" याची हमी कोणी देऊ शकत नाही. ऑसेलॅरिस निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही, त्याची ॲनिमोन वेगळी. टाकीत बऱ्याचदा मान्य करतो. माझ्याकडे सात आठवडे ढुंकून बघितलं नाही, स्किमरच्या पाइपमागे झोपायचे. आणि क्लाउनला ॲनिमोन लागतंच असंही नाही, त्याशिवाय तो मजेत जगतो. मुलीला हे सांगून बघा, ऐकणार नाही, पण सांगा.

कोरल नको. रीफ बांधणारी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहेत, दुकानदार काहीही म्हणो.

मिऱ्याबंदर

काकांनी सगळं लिहिलंय, मी फक्त खाण्याचं सांगते. आमच्याकडे कोळीण दारावर येते, तिच्याकडून ताजी करंदी घेते, मीठ-हळद न लावता, सोलून गोठवते. आठवड्यातून एकदा, ॲनिमोनच्या तोंडाहून लहान तुकडा चिमट्याने द्यायचा. आधी मी हौसेने अख्खी कोळंबी दिली. दोन दिवसांनी ती बुळबुळीत होऊन बाहेर आली, पाणी खराब. अधूनमधून तपकिरी दोऱ्यासारखं काही टाकेल, अंग आक्रसून घेईल, तेव्हा घाबरू नका. पोट साफ करतं ते.

आणि कोणी सुचवलं तरी समुद्रावरून उचलून आणू नका. ओहोटीला आमच्या कातळावर असतात, मिटलेली, वाळू आणि शिंपल्यांचे कण अंगाला चिकटवून बसलेली. पाय पडला तर पाण्याची पिचकारी उडते. मी कॉलेजात असताना एक खरवडून बरणीत आणलं होतं. बैठक फाटली होती हे आज कळतंय.

लीथवॉक

एडिंबरोहून लिहितोय. इथे उलटी तऱ्हा, चिलर नाही, हीटर दोन ठेवतो, एक बिघडला तर दुसरा.

याच शहरात एका ॲनिमोनला "ग्रॅनी" म्हणायचे. सर जॉन डॅलिएल या निसर्गअभ्यासकांनी ते १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून आणलं, काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलिएल गेले, बरणी एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि ग्रॅनी १८८७ पर्यंत जगली. थंड पाण्यातली जात होती, आपल्या टाक्यांत चालणार नाही, पण हौदभर यंत्रांशिवाय साठ वर्षं निघाली.

पण मी लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. दादा, "निळं औषध" म्हणालात. ते कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध तर नाही? आणि माशांच्या मुख्य टाकीतच घातलं होतं का?

डोंबिवलीचे_काका

अरे बाप रे. हे माझ्या नजरेतून सुटलं. एवढं रामायण लिहिलं आणि मुद्द्याचं राहिलं. लीथवॉक, उपकार झाले.

सिंहगडरोड_खारं

आत्ता बाटली शोधून काढली, चपलांच्या कपाटात होती. कॉपर सल्फेटच आहे. हो, मुख्य टाकीतच, पाच दिवस. त्यानंतर तीनदा पाणी बदललंय, मासे ठणठणीत आहेत. आता निघून गेलं असेल ना?

लीथवॉक

पाण्यातलं बरंचसं गेलं असेल. पण कॅल्शियमचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. माशांना फरक पडणार नाही. ॲनिमोन, कोळंबी, गोगलगाय यांना अगदी थोडंसं तांबंही मारून टाकतं. कॉपरची टेस्ट किट आणा, तांबं शोषणारं रेझिन फिल्टरमध्ये महिनाभर ठेवा, पुन्हा टेस्ट. शून्य आलं तरी मी असतो तर वाळू बदलली असती, आणि आधी एक पन्नास रुपयांची गोगलगाय सोडून महिनाभर बघितलं असतं. पुढच्या वेळी आजारी मासा वेगळ्या टबात, औषध तिथे.

डोंबिवलीचे_काका

दगडही बदललेत तर डोकेदुखी संपेल. कोरडे आणा, सावकाश मुरू द्या. तसंही तुम्हाला सहा-सात महिने थांबायचंच आहे. पुढच्या दिवाळीत डोंबिवलीला या, माझं या वर्षी दोनदा दुभंगलंय, त्यातलं एक दगडासकट देतो. पैसे नकोत. मुलीला घेऊन या, मागून वाकून बघायला तिला सोपं जाईल.

सिंहगडरोड_खारं

काका, नक्की. दुकानात जाऊन आलो. बोट लावलं. ओली शेवईच. तोंडही उघडं होतं. मुलगी सोबत होती, तिने विचारलं "बाबा, ते मरणार आहे का?" आणि दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पाचशे परत देत नाही म्हणतोय. काय करू?

मिऱ्याबंदर

त्या पाचशेचं मीठ घ्या. लागणारच आहे.