नाटकाच्या मांडवातली भांडणं: तुमचे अनुभव सांगा

दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम. इथले नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरवाल्यांना ही रंगभूमी कळली. आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या पहाटेपर्यंत मांडवात बसतोय. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, आणि नाटकात भांडण. नेहमी जाणाऱ्यांनी लिहा. गावाचं नाव नको.

लाखांदूरकडचा:
आमच्याकडे सांजेलाच पोरं चटया टाकून जागा धरतात. जेवून आलो तर आमच्या चटईवर दुसऱ्याच गावचं अख्खं बिऱ्हाड. म्हटलं, "काहून जी, चटई कोनाची हाय?" म्हातारी म्हणे, "तुमचीच हाय बाबू. आमी कोठी नेऊन रायलो?" आता बोला! चिडून तिथंच कोपऱ्यात बसलो. दुसऱ्या अंकाला तिचा नातू माझ्या मांडीवर झोपलेला, तिसऱ्याला तिनं पिशवीतून मुरमुरे काढले. आठवड्यानं दुसऱ्या गावच्या नाटकात तिनंच लांबून हाक मारली, "ये बाबू, जागा धरली हाय." हंगामभर तीच तोंडं दिसतात, वैर धरून चालत नाही.

सिंदेवाहीची सून:
जागेचं मिटतं. लावणीच्या वेळी जे होतं ते नाही. समोरच उभं राहून नाचणारीचा मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या पोराला मी बस म्हटलं. तो तर बसला, पण मंडळाचा माणूस मलाच येऊन म्हणतो, "बाई, तुम्ही बायांच्या बाजूला बसा." मी बायांच्याच बाजूला होते.

रात्रीचा प्रेक्षक:
मागचे 'वन्स मोर', पुढचे 'होऊ द्या पुढं'. ऑर्गनवाल्यानं हात काढले नि चहा मागवला. चहा संपेस्तोवर दोन्हीकडचे गप.

देसाईगंजकर:
गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, म्हणून मांडव कोरडा असतो असं समजू नका. चंद्रपूरची बंदी २०२१ ला उठली, आता वैनगंगा ओलांडली की झालं. आमच्या मंडळानं दरवर्षी पिऊन भांडणाऱ्यालाच एकदा गेटवर तिकिटं फाडायला बसवलं. गडी त्या रात्री थेंबाला शिवला नाही. पण इतका कडक, की मंडळाच्या अध्यक्षाच्या साळ्यालाही फुकट सोडेना. मग त्या वर्षीचं भांडण गेटवर झालं.

पाहुणा:
लाखांदूरकर, चटई परत मिळाली का? आमची दोन वर्षं झाली, पत्ता नाही.