कर्ज फेडलं, नील दाखला हातात, तरी सिबिलला थकबाकी. सरकारी बँकेवर दावा होतो का?

बेदाणा_तासगाव:
नमस्कार मंडळी, तासगावजवळच्या गावातनं लिहितोय, जरा लांबेल पण नीट वाचून सांगा.
२०१६ ला वडिलांच्या आणि माझ्या नावावर तालुक्याच्या गावातल्या एका सरकारी बँकेतनं ट्रॅक्टरचं कर्ज काढलं. मधली दोन वर्षं द्राक्षाला दर नव्हता, हप्ते मागंपुढं झाले, पण मार्च २०२२ मध्ये शेवटचा रुपया भरून नील दाखला घेतला, त्यावर तारीख २१ मार्च २०२२ आहे. सातबाऱ्यावरचा बोजा कमी केल्याचा फेरफारही आहे.
आता बेदाण्याचं शेड वाढवायचंय, रॅक, जाळी, पत्रा सगळं मिळून साडेसहा लाखाचं एस्टिमेट आहे. दुसऱ्या बँकेत गेलो तर साहेब म्हणाले तुमचं ट्रॅक्टरचं कर्ज चालू दिसतंय आणि ४,३१२ रुपये थकीत. सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टची प्रिंट दिली. त्यात महिन्यामहिन्याचे चौकोन असतात बघा, हप्ता किती दिवस थकला ते सांगणारे, सगळीकडं ०००, दोन ठिकाणी ०३० ते माझंच, मी उशीर केला होता, पण नील केल्यानंतर २०२२ च्या उन्हाळ्यापुढं ०३०, ०६०, ०९० असं चढतच गेलंय. ज्या कर्जाचा दाखला माझ्या कपाटात आहे त्याचा मी तीन वर्षं थकबाकीदार.
जुन्या शाखेत सहा हेलपाटे झाले. मॅनेजर दोनदा बदलले. दरवेळी एकच उत्तर, वरनं सिस्टीममधनं होईल. फेब्रुवारीत माल शेडवर येणार, तोवर शेड झालं नाही तर माल दुसऱ्याच्या रॅकवर भाड्यानं टाकावा लागणार. वडील तर शाखेत जायलाच तयार नाहीत, त्यांना लोकांत लाज वाटते.
मध्ये एक व्हिडिओ बघितला की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलंय सरकारी खात्यानं चुकीची थकबाकी कळवली तर सरकारवर पण दावा चालतो. आपल्याकडं असं काही आहे का? सरकारी बँक म्हणजे सरकारच ना?

निवृत्त_शाखाधिकारी_विटा:
भाऊ, तीस वर्षं नोकरी केली म्हणून सांगतो, खातं निल होणं आणि खातं बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं खातं शून्यावर आलं पण सिस्टीमला क्लोज कुणी केलं नसणार, आणि नंतर ट्रॅक्टरचा विमा किंवा तपासणी फी आपोआप त्याच खात्यात नावे पडली असणार, मग त्यावर व्याज, आणि सिस्टीम दर महिन्याला थकीत म्हणून वर पाठवत राहिली. माणूस बघतच नाही तिथं. उद्याच जाऊन मार्च २०२२ पासून आजपर्यंतचा कर्ज खात्याचा उतारा मागा, पहिली नावे नोंद कुठली ते बघा.
दुसरं, सहा हेलपाट्यांचा कागदावर काही पुरावा आहे का? नसेल तर ते हेलपाटे झालेच नाहीत असं धरून चला. दोन प्रतीत अर्ज, नील दाखल्याची झेरॉक्स, आणि आपल्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख, सही. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. त्याच दिवशी सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट टाका, रिपोर्टवर कंट्रोल नंबर असतो तो लागतो. सिबिल स्वतःहून आकडा बदलू शकत नाही, ते बँकेला विचारणार आणि बँकेनं हो म्हटल्यावरच बदलणार. आणि नुसतं सिबिल नाही, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क धरून अशा चार कंपन्या आहेत, चौघांकडचा रिपोर्ट वर्षातनं एकदा फुकट मिळतो, चारी बघा.
हे केल्यानं घड्याळ चालू होतं. रिझर्व्ह बँकेनं २६ ऑक्टोबर २०२३ ला सर्क्युलर काढलंय, ते २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यात बँकेला दुरुस्ती कळवायला २१ दिवस, ते चुकले तर बँक देणार, बँकेनं वेळेत कळवूनही ब्युरोनं, म्हणजे सिबिलसारख्या कंपनीनं, दुरुस्त केलं नाही तर ब्युरो देणार. तोंडी तक्रारीला हे दिवस लागतच नाहीत.

कोरेगाव_सातारा:
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. माझ्या रिपोर्टला दुसऱ्याच माणसाचं कर्ज चढलं होतं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सारखं, आमच्या भागात एका आडनावाची निम्मी गावं आहेत त्यामुळं असं होतंच. आठ महिने गेले निघायला, तेवढ्यात मुलाचं शैक्षणिक कर्ज राहिलं आणि त्याचं एक वर्ष वाया गेलं. ते वर्ष कोण भरून देणार सांगा. मी पण कोर्टात जायचा विचार केला होता, सगळ्यांनी सांगितलं सरकारी बँकेशी भांडून तुझंच आयुष्य जाईल. दादा, शंभर रुपये दिवसाला घेऊन काय करणार, आधी शेड उभं करायचं बघा.

वकील_सांगली:
कोरेगावच्या भाऊंचं दुःख खरं आहे, मुलाचं वर्ष गेलेलं मला वाचूनच वाईट वाटलं. पण सरकारी बँकेशी भांडता येत नाही हे मनातनं काढून टाका, त्या समजुतीवरच अशी प्रकरणं दाबली जातात.
आधी अमेरिकेचं. तो निकाल ८ फेब्रुवारी २०२४ चा, कर्ट्झ खटला म्हणतात. तिथल्या कृषी खात्याच्या ग्रामीण गृहकर्ज विभागाचं कर्ज त्या माणसानं २०१८ च्या मध्यापर्यंत पूर्ण फेडलं, तरी खात्यानं तिथल्या ट्रान्सयुनियन या क्रेडिट ब्युरोला थकीत म्हणून कळवलं. तासगावचे दादा, तुमचीच कथा. सरकारचं म्हणणं होतं की सार्वभौम सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा चालत नाही, राजा चूक करत नाही ही जुनी इंग्रजी कल्पना. कोर्टानं एकमतानं ते फेटाळलं. न्या. गोरसच यांनी लिहिलेला निकाल आहे, मुद्दा साधा होता, क्रेडिट रिपोर्टिंगच्या १९७० च्या कायद्यात व्यक्ती या शब्दाच्या व्याख्येतच सरकार आणि सरकारी यंत्रणा धरलेल्या आहेत, आणि नुकसानभरपाईचं कलम कुठल्याही व्यक्तीला लागू आहे, मग सरकार बाहेर कसं राहील.
पण व्हिडिओवाले एक गोष्ट सांगत नाहीत. त्या कायद्यात कर्ज देणाऱ्यावर चौकशीची जी जबाबदारी येते आणि जिच्यावरनं दावा लावता येतो, ती ग्राहकानं ब्युरोकडं वाद नोंदवल्यावर आणि ब्युरोनं पुढं कळवल्यावर येते. नुसतं शाखेत जाऊन सांगितल्यानं तिथंही येत नाही. कर्ट्झनं ट्रान्सयुनियनला लेखी कळवलं होतं म्हणून खटला उभा राहिला. विट्याच्या साहेबांनी सिबिलकडं लेखी डिस्प्यूट टाकायला सांगितलं ते म्हणजे तेच.
आता आपल्याकडं. सरकारी बँक म्हणजे शब्दशः सरकार नाही, पण घटनेच्या कलम १२ खाली राज्यसंस्थेत मोडते, त्यामुळं मनमानी केली तर कलम २२६ खाली थेट हायकोर्टात रिट अर्ज करता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलंय, सांगली साताऱ्याची माणसं त्यासाठी मुंबईला जायची आता गरज नाही. सार्वभौमत्वाचं ते जुनं भांडण आपल्याकडंही झालंय. राजस्थानात कलेक्टरच्या जीपनं माणूस मेला त्या प्रकरणात १९६२ च्या निकालानं सरकार जबाबदार धरलं, आणि १९६५ च्या कस्तुरीलाल निकालात पोलिसांनी जप्त केलेलं सोनं गायब झालं तरी सरकार सुटलं. तो निकाल आजही वाचताना चीड येते. पण १९९४ च्या नागेंद्र राव निकालात सुप्रीम कोर्टानं त्याचा आवाका खूप कमी केला. कर्ज देणं हा धंदा आहे, त्यात बँकेला राजाचं कवच मिळत नाही.
तुमच्यासाठी जवळचा रस्ता ग्राहक आयोगाचा. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की सरकारी संस्था सेवा देत असेल तर ग्राहक कायद्याखाली येते, नुसत्या नुकसानीचीच नाही तर छळाचीही भरपाई द्यायची, आणि ती जबाबदार अधिकाऱ्याच्या खिशातनं वसूल करायची. सामान्य माणसाचा जाच सरकारी टेबलावर बसून करणाऱ्याला किंमत मोजावी लागली पाहिजे हे त्या निकालानं बोलून दाखवलं, मला तो निकाल फार महत्त्वाचा वाटतो.
बँकेचे वकील दोन अडथळे आणणार. एक, २००५ च्या क्रेडिट माहिती कायद्याच्या कलम १८ मध्ये लवाद आहे, म्हणून आयोगाला अधिकार नाही. त्यावर फेब्रुवारी २०२२ चा व्होडाफोन आयडियाचा निकाल दाखवायचा, तिथं टेलिग्राफ कायद्यात लवाद होता तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही असं कोर्टानं म्हटलंय. दोन, कलम ३०, चांगल्या हेतूनं केलेल्या कामाला संरक्षण. पहिल्यांदा चूक झाली तेव्हा चांगला हेतू म्हणता येईल, पण नील दाखला जोडून लेखी कळवल्यावरही तोच आकडा पाठवत राहिले तर कसला चांगला हेतू.

बेदाणा_तासगाव:
मॅडम खूप आभार, साहेबांचे पण. उतारा काढला. विट्याच्या साहेबांनी जे सांगितलं तेच निघालं, १४ जून २०२२ ला विमा म्हणून ३,१८६ रुपये नावे टाकलेत, आम्हाला न विचारता, विमा तर आम्ही बाहेरनं स्वतः भरला होता त्याची पावती आहे. वर व्याज धरून ४,३१२. उतारा हातात घेऊन मी तिथंच बाकड्यावर बसलो, एवढ्याशा रकमेसाठी तीन वर्षं.
अर्ज दिला, पोच घेतली, सिबिल आणि बाकी तिघांकडं पण टाकलं. आता शाखेतले म्हणतात ४,३१२ भरून टाका, लगेच बंद करतो. भरू का? आणि शेड धंद्याचं आहे म्हणून ग्राहक नाही असं म्हणतील का, कुणीतरी तसं सांगितलं.

वकील_सांगली:
देणं मान्य करून भरू नका. भरलेलं सिस्टीममध्ये उशिरा भरलेलं दिसेल आणि ०९० चे चौकोन तसेच राहतील. नावे नोंद उलटवा आणि २०२२ पासूनचा इतिहास दुरुस्त करा अशी मागणी अर्जात लिहा, नसेल लिहिली तर पुरवणी अर्ज द्या.
धंद्याच्या मुद्द्याची भीती बिनबुडाची नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टात एका जाहिरात कंपनीचं प्रकरण होतं, सिनेमासाठी दहा कोटींचं कर्ज, तडजोडीनं मिटल्यावरही बँकेनं सिबिलला थकबाकीदार कळवलं, राष्ट्रीय आयोगानं ७५ लाख भरपाई दिली होती, पण कर्ज नफ्याच्या धंद्यासाठी म्हणून कंपनी ग्राहकच नाही असं म्हणून कोर्टानं ती भरपाई रद्द केली. तुमचं तसं नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच आहे, आणि २०१२ च्या राष्ट्रीय बीज निगमच्या निकालात शेतकऱ्यांना ग्राहक धरलंय, तिथं समोर सरकारी कंपनीच होती. तक्रारीत शेती कोण करतं, ट्रॅक्टर कोण चालवायचं हे स्पष्ट लिहायचं.
आणि नवीन बँकेकडनं कर्ज नाकारल्याचं कारण लेखी घ्या. कोरेगावच्या भाऊंच्या नावाच्या गोंधळासारखाच एक खटला अमेरिकेत झाला, ट्रान्सयुनियननं नावं जुळवून लोकांना अतिरेक्यांच्या यादीशी जोडलं, ८,१८५ लोक होते, २०२१ मध्ये कोर्टानं ज्यांचे रिपोर्ट बाहेर कुणाला गेले त्या १,८५३ जणांचंच नुकसान धरलं, बाकीच्यांना हात हलवत परत पाठवलं. तुमचा रिपोर्ट बाहेर गेला आणि त्यावरनं कर्ज गेलं हे कागदावर हवं. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आयोग सांगलीतच आहे, तुम्ही राहता तिथं दाखल करता येते.

कोरेगाव_सातारा:
मॅडम, माझ्या रिपोर्टवरनं ते दुसऱ्याचं कर्ज निघून चौदा महिने झाले. म्हणजे मी पण अजून मुदतीत आहे का?

वकील_सांगली:
आहात असं दिसतंय, पण दिवस मोजून बघावे लागतील. आठ महिन्यांतला जो काही पत्रव्यवहार, ईमेल, मेसेज आहे तो तारखेप्रमाणे लावून ठेवा, आणि मुलाच्या कॉलेजचं प्रवेश रद्द झाल्याचं पत्र शोधा.

बेदाणा_तासगाव:
पुरवणी अर्ज आज दिला, यावेळी वडील पण सोबत आले होते. पोचवर त्यांनीच सही घेतली. ३० दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेत, काय होतंय ते इथंच कळवतो.