चार्ली प्राइड: फोटो न दाखवता रेकॉर्ड काढली, हे खरं आहे का?

निशिगंधा_के
अमेरिकेतलं कंट्री म्युझिक माझ्यासाठी नवीनच. नवऱ्याने गाडीत जॉनी कॅश लावून लावून सवय केली. परवा यूट्यूबने आपणहून चार्ली प्राइड लावला. आवाजावरून वाटलं, टेक्सासचा कोणीतरी गोरा काउबॉय असणार. बघते तर कृष्णवर्णीय गृहस्थ! खाली कुणीतरी लिहिलं होतं की कंपनीने सुरुवातीला त्याचा फोटो दडवला होता. खरंय का? आणि त्या काळात हा माणूस तिथे टिकला कसा?

टेपरेकॉर्डर
खरं आहे. आरसीए या रेकॉर्ड कंपनीने १९६६ साली पहिली रेकॉर्ड रेडिओ स्टेशनांना पाठवली ती फोटोशिवाय, 'कंट्री चार्ली प्राइड' या नावाने. मार्केटिंगची कमाल, दुसरं काय.

कापूसकोंड्या
मार्केटिंगला एवढं श्रेय देऊ नका राव. फोटो दडवून फार तर पहिली रेकॉर्ड वाजेल. बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत २९ गाणी पहिल्या नंबरावर कशी जातील?

मुळात त्याच्या डोक्यात बेसबॉल होता. मिसिसिपीतलं स्लेज गाव, अकरा भावंडं, आईवडील बटईने कापूस करणारे. वडिलांच्या फिल्को रेडिओवर नॅशव्हिलचा (कंट्रीची पंढरीच ती) 'ग्रँड ओल ऑप्री' हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, तिथे कान तयार झाला. चौदाव्या वर्षी सिअर्सची गिटार घेतली, तीही रेडिओ ऐकूनच शिकला. पण कापसातून सुटायची वाट दाखवली ती जॅकी रॉबिन्सनने, म्हणजे गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये शिरलेल्या काळ्या खेळाडूने. हा काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या 'निग्रो लीग'मध्ये पिचर (चेंडू टाकणारा) झाला. एका टीमने याला आणि आणखी एका खेळाडूला दुसऱ्या टीमला दिलं आणि बदल्यात घेतली एक जुनी बस! तो स्वतःच हे हसत सांगायचा.

१९६० मध्ये थेट मोंटाना. ईस्ट हेलेनाच्या शिसं गाळायच्या कारखान्याची टीम होती, चांगलं खेळणाऱ्याला तिथे नोकरी मिळायची. भट्टीवर कोळसा लोटायचा, मॅचचे दहा डॉलर, आणि मॅचआधी मैदानावर पंधरा मिनिटं गायलं तर वरचे दहा. म्हणजे बॉलिंगइतकाच गाण्याला भाव. (पिचिंगला बॉलिंग म्हटलं, बेसबॉलवाल्यांनी सांभाळून घ्यावं.) रात्री बारमध्ये गाणं. मला फोटोपेक्षा हा भाग मोठा वाटतो. समोर सगळे गोरे कामगार, हातात बिअर, आणि त्यांना धरून ठेवायचं. नॅशव्हिलला जायच्या आधीच त्याची परीक्षा झाली होती.

१९६३ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल टीमकडे ट्रायलला गेला, त्यांनी दारात उभं केलं नाही. परतीच्या वाटेवर नॅशव्हिलला उतरला, तिथे मॅनेजर भेटला, आणि १९६५ मध्ये निर्माता चेट अ‍ॅटकिन्सने आरसीएत घेतलं.

आता लोकांना कळलं तेव्हाचं. डेट्रॉइटचं ऑलिंपिया स्टेडियम, दहाएक हजार पब्लिक. नाव पुकारलं, टाळ्यांचा कडकडाट. हा स्टेजवर आला आणि टाळ्या जागच्या जागी बसल्या. त्याने स्वतःच विषय काढला: असा कायमचा टॅन (उन्हात रापलेला रंग) घेऊन कंट्री गायला उभा राहिलोय, जरा वेगळं वाटतंय खरं. लोक हसले. मग गायला लागला.

निशिगंधा_के
बापरे, बसच्या बदल्यात माणूस! पण स्वतःच्या रंगावर स्वतःच विनोद करायचा, लागत नसेल मनाला?

कापूसकोंड्या
लागत असणारच. पण 'पहिला काळा कंट्री गायक' म्हणून ओळख करून दिलेली त्याला रुचायची नाही. आणि पहिला तो नव्हताच. हार्मोनिकावाला डीफोर्ड बेली १९२० च्या दशकातच ऑप्रीवर होता. त्याला १९४१ मध्ये काढून टाकलं, पुढे बिचाऱ्याने बुटांना पॉलिश करून पोट भरलं. प्राइडला ऑप्रीचं सदस्यत्व मिळालं १९९३ मध्ये. सीएमए, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचं 'एंटरटेनर ऑफ द इयर' बक्षीस १९७१ चं! बावीस वर्षं कसली वाट बघत होते कोण जाणे.

टेपरेकॉर्डर
मार्केटिंगचा मुद्दा मागे घेत नाही, पण बस भारी आहे. 😄
अवांतर: आयर्लंडमध्ये त्याला देवासारखा मानतात. १९७६ मध्ये बेलफास्टला कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात बॉम्बस्फोट चालू असताना, बाहेरचे कलाकार तिथे फिरकत नव्हते तेव्हा, हा जाऊन गायला. 'क्रिस्टल शॅंडेलियर्स' हे त्याचं गाणं तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांच्या तोंडी.

कापूसकोंड्या
तेच गाणं १९६९ च्या लाइव्ह अल्बमवर आहे, फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमधल्या. निशिगंधा, तिथूनच सुरुवात करा. हँक विल्यम्सचं 'कॉ-लायजा'ही त्यात आहे, ते गाडीत जरा मोठ्याने लावा.