‘स्नेहबंध’ अधिकृत ग्रुप (फक्त कामाचे मेसेज) : रविवार ते बुधवार

*रविवार*

[७:४२] वर्षा, बी-३०२: छत पुन्हा गळतंय. तीच खोली, तोच पंख्याचा हूक. या वेळी पाणी थेट चालू लॅपटॉपच्या कीबोर्डवर. गुरुवारी सबमिशन आहे आणि प्रोजेक्ट त्यातच. बी-४०२, कृपया बाथरूम वापरू नका. हे शेवटचं ‘कृपया’.

[७:४९] देशपांडे, बी-४०२: वहिनी, आमचं बाथरूम मार्चमध्ये पूर्ण फोडून नवीन केलंय. बिल सेक्रेटरींकडे आहे. दर वेळी आम्हीच का?

[७:५०] साठे काका, ए-५०३: डक्टमधल्या पाइपांचा ठराव २०२३ च्या सर्वसाधारण सभेत झाला. पुढे काय झालं?

[७:५१] शुभांगी काकू, बी-१०३: वर्षा, लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेव गं. दोन किलो कोलम पाठवते लगेच.

[७:५३] ओंकार, सी-२०४: मी भाडेकरू. मे महिन्यातल्या सूचनेप्रमाणे इथे लिहायचं नव्हतं. तरी विचारतो, वर्षाताई, लॅपटॉप आत्ता चालू आहे की बंद?

[७:५४] वर्षा, बी-३०२: बंद पडला होता. चालतोय का बघायला परत लावला. झाला चालू, पण ‘ए’ आपोआप उमटतोय.

[७:५६] ओंकार, सी-२०४: आधी पंख्याच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, पाडा. हुकातून पाणी म्हणजे तिथे वायरही ओली.
मग चार्जर: भिंतीवरचं बटण बंद, नंतर पिन काढा. लॅपटॉपचं पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. शटडाऊनच्या मेनूत जाऊ नका, तेवढा वेळ नाही. माउस, पेनड्राइव्ह काढा. पुसा, अर्धा उघडा आणि तंबूसारखा पालथा ठेवा, कीबोर्ड खाली, खाली टॉवेल. गदागदा हलवू नका, पाणी नको तिथे जाईल.
आणि ‘चालतोय का’ बघू नका. पाण्यापेक्षा तेच जास्त मारतं.

[७:५८] निलेश, डी-४०१: काकू, तांदळात घातलाच तर एक शिट्टी की तीन?

[७:५९] शुभांगी काकू, बी-१०३: चेष्टा करा. फोन वाचलेत लोकांचे तांदळात.

[८:०२] ओंकार, सी-२०४: काकू, ते फोन नुसते बंद राहिल्यामुळे वाचले. तांदूळ बंद आवरणातलं पाणी ओढत नाही, वर पिठूळ भुकटी पोर्टमध्ये जाते. मुळात पाणी सुकवणं हा अर्धाच प्रश्न. ते स्लॅबमधून झिरपलंय, म्हणजे सिमेंटचा चुना आणि क्षार घेऊन आलंय. छताला पांढरे ओघळ दिसतात ना, सुकल्यावर तोच थर लॅपटॉपच्या आतल्या सर्किट बोर्डावर बसतो. त्यात बॅटरी जोडलेली. लॅपटॉप बंद असला तरी बोर्डाच्या काही भागात व्होल्टेज असतंच. ओलं, क्षार आणि व्होल्टेज एकत्र आले की तांबं खाल्लं जातं, पिना हिरव्या पडतात. काही तासांत.

[८:०४] साठे काका, ए-५०३: सिमेंटचा चुना! म्हणजे स्लॅब झिजतोय. डक्टचा ठराव २०२३. पुढे काय?

[८:०६] सेक्रेटरी: सर्व सभासदांस नम्र विनंती, तांत्रिक चर्चा वैयक्तिक मेसेजवर करावी. हा ग्रुप अधिकृत सूचनांसाठी आहे.

[८:०७] देशपांडे, बी-४०२: आमच्या बाथरूमची चर्चा मात्र इथेच झालेली चालते.

[८:१५] वर्षा, बी-३०२: तंबू केलाय. १४ इंची आहे, तीन वर्षं जुना, वॉरंटी नाही. घरी उघडता येईल?

[८:२१] ओंकार, सी-२०४: येईल. खालच्या झाकणाला बहुतेक शून्य नंबरचा फिलिप्स लागतो, ज्याला आपण स्टार म्हणतो. मोठा पेचकस घातलात तर डोकं घासतं आणि स्क्रू तिथेच राहतो. कागदावर झाकणाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचा, लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या बाजूला फुगवटा येतो किंवा बोर्डाला भोक. रबरी पायांखालीही एखादा लपलेला असतो. मग जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवत क्लिपा सोडवा. पोर्टांजवळ जोर नको.
उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर. नखाने किंवा प्लास्टिकने, धातूने नाही, वायरी धरून ओढायचं नाही. एवढं झालं की घाई संपली, मग चहा घ्या.

[८:२२] निलेश, डी-४०१: लॅपटॉपपासून लांब बसून 🙏

[८:२६] स्मिता, ए-३०१: डेटाचं आधी बघा. आत च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी असेल, सगळा डेटा तिच्यावर, एका स्क्रूवर बसवलेली. काढून यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरून लावायच्या डबीत, घालून दुसऱ्या संगणकाला लावा, प्रोजेक्ट आजच हातात. एन्क्लोजर घेताना एसएसडी एनव्हीएमई जातीची की साटा जातीची ते तिच्याकडे बघून ठरवा, खाच वेगळी असते. एसएसडी ओली झाली असेल तर आधी साफ, मग वीज. विंडोज ११ असेल तर बिटलॉकर, म्हणजे डेटाचं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आत्ताच फोनवरून लॉगिन करून लिहून ठेवा. नव्या मॅकबुकांत एसएसडी बोर्डालाच सोल्डर केलेली, तिथे हा रस्ता नाही.

[८:३१] देशपांडे, बी-४०२: आमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केलाय. आता गळलं तर कोणाचं ते ठरवा.

[८:३३] गोखले काका, सी-५०१: व्हॉल्व्ह बंद करून दोन तासांत निकाल लागत नसतो. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी दोन-दोन दिवस उतरतं. सतत सारखी धार असेल तर प्रेशरची लाइन, वापरलं की तासाभराने गळत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा ड्रेनेज, पावसातच गळत असेल तर बाहेरची भिंत नाहीतर डक्ट. ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओता. खाली रंग उतरला तर ४०२, नाहीतर शोध पुढे.

[८:३४] साठे काका, ए-५०३: पावसातच गळतं. दर जुलैला. डक्ट. ठराव २०२३.

[९:१०] वर्षा, बी-३०२: बॅटरी सुटली. एसएसडी कोरडी दिसतेय, काढली. कीबोर्डच्या चपट्या केबलपट्टीजवळ पांढरं काहीतरी आहे. हेअर ड्रायर मारू का?

[९:१४] ओंकार, सी-२०४: नाही. गरम हवेने प्लास्टिक वाकतं आणि पाणी चिपखाली ढकललं जातं. ते पांढरं धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल, ९९ टक्के, पाव लिटर पुरे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, पण आज रविवार, उद्याच. तोवर टेबल फॅनखाली ठेवा. बॅटरी काढलेली आहे, थांबलं तर चालतं.

[९:१६] शुभांगी काकू, बी-१०३: मेडिकलमध्ये मिळतं की ते.

[९:१७] ओंकार, सी-२०४: ते बहुधा ७० टक्के असतं काकू. उरलेलं ३० टक्के पाणीच.

[९:१८] निलेश, डी-४०१: सोसायटीच्या स्टोअरमध्ये २०२० चे सॅनिटायझरचे चार कॅन आहेत. पाच-पाच लिटरचे. आता तरी उघडा.

[९:२०] खजिनदार: ते कॅन कमिटीने एकमताने घेतले होते. त्या वेळी आपणही कमिटीत होता.

[९:२१] निलेश, डी-४०१: हा मेसेज डिलीट केला गेला

[९:२३] ओंकार, सी-२०४: सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतो. स्प्रेचं तेलही नको.

*सोमवार*

[१९:०५] वर्षा, बी-३०२: अल्कोहोल आणलं.

[१९:१२] ओंकार, सी-२०४: खिडक्या उघड्या. देवघरातली निरंजन, उदबत्ती, गॅस सगळं विझलेलं हवं, वाफ पेट घेते. बोर्डावर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असेल तर तोही काढा, वायरीचा असेल तर कनेक्टर सोडवा. रॅम काढा. कीबोर्डच्या पट्टीच्या कनेक्टरची खिटी नखाने अलगद उभी होते, मग पट्टी आपणहून सुटते. खिटी तुटली तर पट्टी धरत नाही.
वाटीत थोडं घ्या, मऊ टूथब्रश बुडवून पांढरं-हिरवं दिसेल तिथे पिनांच्या दिशेने घासा, आडवं नाही. मळकं झालं की फेकून ताजं घ्या. स्क्रीन, स्पीकर, पंख्याचं बेअरिंग आणि बॅटरी यांना लावू नका. स्क्रीनच्या थरांत शिरलं तर डाग कायमचा.

[१९:१५] अदिती, ए-२०२: आमच्याकडे चहा सांडला तर हेच का?

[१९:१८] ओंकार, सी-२०४: नाही. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. आधी इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. आणि दूध-साखरेच्या चहात कीबोर्ड वाचेल ही आशा सोडा. आत तीन पातळ प्लास्टिकचे थर असतात, ते चिकटले की संपलं.

[१९:२०] सेक्रेटरी: पुनश्च विनंती.

[१९:२१] साठे काका, ए-५०३: पुनश्च ठराव २०२३.

*मंगळवार*

[१३:४०] देशपांडे, बी-४०२: काल ट्रॅपमध्ये निळा रंग ओतला होता. वर्षावहिनींनी सांगावं खाली काय उतरलं.

[१३:५८] वर्षा, बी-३०२: रंग नाही उतरला. पाणी उतरलं.

[१३:५९] देशपांडे, बी-४०२: बास. एवढंच ऐकायचं होतं.

[१४:०३] गोखले काका, सी-५०१: प्लंबर डक्टमध्ये उतरला होता. पावसाच्या पाण्याच्या पाइपचा जॉइंट चौथ्या मजल्याच्या स्लॅबपाशी उघडा. कॉमन लाइन, म्हणजे खर्च सोसायटीचा. बायलॉजमध्ये स्पष्ट आहे.

[१४:०४] साठे काका, ए-५०३: 🙏

[१४:०५] साठे काका, ए-५०३: २०२३.

*बुधवार*

[२०:१०] वर्षा, बी-३०२: साफ करून सुकायला ठेवल्याला ४८ तास होत आले. लावू?

[२०:१६] ओंकार, सी-२०४: मल्टिमीटर आणतो. वीज देण्याआधी चार्जिंगच्या १९ व्होल्टच्या जागी ग्राउंडशी रेझिस्टन्स बघू. एक-दोन ओहम दिसला तर शॉर्ट, मग घरचं काम संपलं, बोर्ड दुरुस्तीवाल्याकडे. नसेल तर आधी फक्त ॲडॅप्टरवर लावू. काही मॉडेल बॅटरीशिवाय उठत नाहीत, त्यावर लगेच रडायचं नाही. पॉवर बटण कीबोर्डातच असेल तर ती पट्टी परत लावावी लागेल.

[२१:०२] वर्षा, बी-३०२: लागला!! स्क्रीन ठीक. ‘ए’, ‘क्यू’ आणि टॅब मेले.

[२१:०६] ओंकार, सी-२०४: कीबोर्ड बदलायचा, तोवर यूएसबीचा लावा. झाकणावरचा पूर्ण मॉडेल नंबर देऊन मागवा. यात कीबोर्ड वरच्या पॅनलला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी चिकटवलेला आहे, रिव्हेट वितळवण्यापेक्षा पॅनलसकट घेतलेला बरा. बॅटरी सपाट आहे, फुगलेली नाही, म्हणून जोडली. तरी आठवडाभर रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर वापर बंद, बॅटरी काढून ई-कचऱ्यात, टोचायची नाही.

[२१:०८] स्मिता, ए-३०१: बॅकअप आजच. आत राहिलेला गंज महिन्याभराने तोंड काढतो.

[२१:१५] सेक्रेटरी: शनिवारी डक्टचे काम, बी विंगचे पाणी सकाळी ९ ते १ बंद. सी-२०४ यांचे सहकार्याबद्दल आभार. भाडेकरूंबाबतची मे महिन्याची सूचना कायम आहे.

[२१:१६] वर्षा, बी-३०२: कायम का?

[२१:१७] देशपांडे, बी-४०२: वहिनी, रविवारच्या मेसेजबद्दल काही बोलणार की नाही?

[२१:२४] शुभांगी काकू, बी-१०३: वर्षा, माझे दोन किलो तांदूळ गं?

[२१:२५] वर्षा, बी-३०२: काकू, डबा तुमच्या दाराशी ठेवलाय.