आईचं सोडियम १२६ आलंय आणि पायातलं बळच गेलंय, कुणाला अनुभव आहे का?

चिंचेचंझाड

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, समजून घ्या. आई ७४ वर्षांची, साताऱ्याला बाबांबरोबर असते, मी पुण्यात. गेले दोन महिने ती फोनवर एकच सांगतेय की अंगात त्राण नाही, पाय लटपटतात. मागच्या शनिवारी गेले तर बघितलं, खुर्चीतून उठायला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, कुकरचं झाकण तिच्याने लागत नाही, आणि परवा बाथरूममध्ये तोल गेला, नशीब की भिंतीला टेकली. आम्ही सगळे वय झालं, वय झालं म्हणत बसलो, व्हिटॅमिन डी दिलं, बी-१२ दिलं. शेवटी सगळं रक्त तपासलं तर सोडियम १२६, लॅबच्या कागदावर १३५ ते १४५ लिहिलंय.

डॉक्टर म्हणाले पाणी कमी करा, गोळ्यांचं बघू, चार दिवसांनी सगळ्या गोळ्या घेऊन या. मला हेच कळत नाहीये, सोडियम कमी म्हणजे मीठ कमी ना? मग पाणी का कमी करायचं? उलट मीच तिच्या मागे लागून रोज तीन लिटर पाणी प्यायला लावत होते, बाटल्या भरून ठेवायला बाबांना सांगायचे. बीपी आहे म्हणून जेवणात मीठही वर्षभर अगदी नावाला. शेजारच्या काकू म्हणतात लिंबू सरबत मीठ घालून दिवसातून चारदा द्या. देऊ का? आणि सगळ्यात मेन म्हणजे सोडियम वाढलं की पायातली ताकद परत येईल का?

कोल्हापुरी_दादा

ताई, सरबत लगेच सुरू करू नका, आमचा अनुभव सांगतो. सासऱ्यांचं असंच झालं होतं, आधी नुसता अशक्तपणा, मग चालताना भेलकांडायला लागले, आम्ही जवळच्याच दवाखान्यात दोन सलाईन लावून आणलं, ताकद येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओळखेनात, कुठला वार आहे सांगता येईना. मोठ्या दवाखान्यात नेलं तर सोडियम ११६. आयसीयूत ठेवलं आणि अगदी हळूहळू वाढवलं, दर काही तासांनी रक्त घ्यायचे. मी तिथल्या डॉक्टरवर चिडलो होतो की एकदम का वाढवत नाही, तेव्हा त्यांनी समजावलं की दिवसात ८-१० च्या वर चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे घरी मनाने काही नको. आई झोपाळल्यासारखी वाटली, बोलण्यात गोंधळ, सारख्या उलट्या, किंवा आकडी, यातलं काहीही दिसलं तर चार दिवस थांबू नका, त्याच क्षणी न्या.

बाह्यरुग्ण

मी फिजिशियन आहे, पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण मीठ-पाण्याचा गोंधळ दूर करतो कारण माझ्या ओपीडीत आठवड्यातून दोन-तीनदा हाच संवाद होतो.

रिपोर्टमधलं सोडियम म्हणजे अंगात एकूण मीठ किती हे नाही, रक्तातल्या पाण्याच्या मानाने ते किती हे आहे. आमटीत पाणी जास्त झालं तर ती अळणी लागते, मीठ तेवढंच असतं. म्हाताऱ्या माणसांत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं, मूत्रपिंडाला जास्तीचं पाणी बाहेर टाकता येत नाही. आणि यात जेवणाचा मोठा हात असतो. पाणी लघवीतून जायचं तर त्याच्यासोबत युरिया आणि क्षार जावे लागतात, युरिया येतो प्रथिनांतून. आता आजींचं जेवण आठवा, सकाळी चहा-टोस्ट, दुपारी मऊ भात आणि वरणाचं नुसतं पाणी, रात्री दूध-पोळीचे चार घास, वर मीठ बंद. सोबत न्यायलाच काही नाही, आणि वरून तीन लिटर पाणी. ते पाणी साठतं आणि रक्त पातळ होतं. तुम्ही काळजीनेच पाजलंत ताई, मनाला लावून घेऊ नका, पण आता थांबवा.

सलाईनचंही तेच, कारण कुठलं आहे त्यावर ठरतं. जुलाब-उलट्यांनी अंग कोरडं पडलं असेल तर सलाईन बरोबर, पण शरीरच पाणी धरून ठेवत असेल तर साध्या सलाईनने सोडियम आणखी खाली जाऊ शकतं. लघवीची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे लघवी किती घट्ट आहे), लघवीतलं सोडियम, थायरॉईड, सकाळचं कॉर्टिसॉल हे हार्मोन, साखर आणि पोटॅशियम, हे डॉक्टरांना विचारा. पोटॅशियम नक्की बघा, ते कमी असेल तर त्यानेच मांड्या गळतात.

आता गोळ्यांची नावं टाका. बंद कुठलीही करू नका, फक्त नावं.

चिंचेचंझाड

खूप आभार दोघांचे. जेवणाचं तुम्ही आमच्या घरात बघून लिहिल्यासारखं आहे, अगदी हेच खाते ती, त्यात महिन्याच्या दोन एकादशी. बाबांनी पट्ट्यांचे फोटो पाठवले. बीपीला टेल्मिसार्टन आणि क्लोर्थॅलिडोन एकत्र असलेली गोळी, ती दोन वर्षं. थायरॉईड नाही, शुगर नाही. आणि मावशी गेल्यापासून झोप लागत नव्हती, सारखी रडायची, म्हणून तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी एसिटॅलोप्राम सुरू केली होती, हे मला आत्ता कळतंय. अशक्तपणा त्यानंतरच सुरू झालाय की काय?

बाह्यरुग्ण

क्लोर्थॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध, त्याने सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही उतरतं, बारीक चणीच्या वयस्कर बायकांत जास्तच. एसिटॅलोप्रामने शरीर पाणी धरून ठेवू शकतं. दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, प्रत्येकाने आपापल्या जागी योग्यच दिलेल्या, पण एकत्र बघायला कुणी नव्हतं. हे दोन्ही कागद घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा, चार दिवस नको. आणि एसिटॅलोप्राम घरच्या घरी एकदम थांबवू नका, बदल तेच ठरवतील.

अजून एक, बाजारात बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं आणि टेल्मिसार्टनसोबत पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

उठाबशा

मी फिजिओथेरपिस्ट, ताकदीच्या प्रश्नावर मला बोलायचंय कारण तो नेहमी मागे राहतो. सोडियम सुधारलं की रिपोर्ट नॉर्मल, आता घरी जा, असं होतं आणि पेशंट महिन्याने घरात पडून हाड मोडून येतो, मला हे बघून फार वाईट वाटतं.

यात दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्यात. एक तोल. ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये १२२ पेशंट बघितले होते, सोडियम सरासरी १२६, म्हणजे तुमच्या आईइतकंच, वरवर काही त्रास नाही म्हणून सोडून दिलेले. त्यातले साधारण २१ टक्के पडून दवाखान्यात आलेले, सोडियम नॉर्मल असलेल्या तशाच इतर पेशंटमध्ये हे प्रमाण ५ टक्के. काहींना सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावलं तर थोडी दारू प्यायलेल्या माणसापेक्षाही जास्त झोकांड्या जात होत्या, आणि सोडियम सुधारल्यावर चाल सुधारली. तर हा भाग गोळ्या-पाणी नीट झालं की बराचसा सुटतो.

दुसरा भाग स्नायूंचा, तो आपोआप येत नाही. आई दोन महिने पडायच्या भीतीने बसून आहेत, प्रथिनं पोटात नाहीत, मांडीचा स्नायू या वयात फार लवकर झडतो. घरी एक करून बघा, खुर्ची भिंतीला लावून, तुम्ही शेजारी उभ्या राहून, हात छातीवर घेऊन पाच वेळा उठबस. वयामुळे स्नायू झडणं ओळखायच्या आशियाई निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमकुवत धरतात. मुठीची ताकद मोजायचं यंत्र आमच्याकडे असतं, बायकांत १८ किलोच्या खाली आलं तर कमी. पण उठबस आणि चाचण्या सोडियम १३० च्या वर येऊन डॉक्टर हो म्हणाल्यावरच, त्याआधी बाथरूमला आधाराची दांडी, रबरी चटई आणि रात्री दिवा, एवढं आजच करा.

खाणं तर आजपासून बदला. वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. पन्नास किलोच्या बाईला ५०-६० ग्रॅम, एका अंड्यात साधारण ६ मिळतात. अंडं खात नसतील तर घट्ट वरण, मुगाचं धिरडं, पिठलं, दही, पनीर. वरणाचं पाणी नको, वरण द्या.

चिंचेचंझाड

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला माफ करा. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, आता त्यात लघवीचं औषध नाही, एसिटॅलोप्राम हळूहळू कमी करून दुसरं दिलंय, पाणी आणि चहा सगळं मिळून सव्वा लिटर. सोडियम १२६ वरून आठवड्याने १३१, आता १३६. पोटॅशियमही ३.१ होतं, ते भरून काढलं. झोकांड्या दहा-बारा दिवसांतच थांबल्या, पण खुर्चीतून उठणं मात्र तुम्ही म्हणालात तसं मागे राहिलं. तेव्हा पाच उठबशांना २३ सेकंद लागले होते आणि मध्ये एकदा हात टेकवला, काल १७, हात न टेकवता. बाबा घड्याळ घेऊन समोर बसतात. एकादशीला साबुदाणा बंद करून राजगिरा, दही आणि दाण्याची आमटी, एवढ्यावर ती तयार झाली.

एक विचारायचं होतं, आता उन्हाळा सुरू होईल, साताऱ्यात दुपारी चांगलंच तापतं. तेव्हाही सव्वा लिटरच का?

बाह्यरुग्ण

१३६ वाचून खरंच बरं वाटलं. नाही, तो आकडा कायमचा नाही, घाम आणि वजन बघून डॉक्टर वाढवतील, म्हणून रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहून ठेवा, दोन दिवसांत किलोभर हललं तर फोन करा. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी आणि बीपीची गोळी पुन्हा कधीही बदलली तर दोन आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम तपासा. आणि बाबांचीही गोळी कुठली आहे तेवढं बघून सांगा.